मऊ ते डावीकडे

थोरलीला कुणी विचारलं, "तू त्या लॅबमध्ये नक्की करतेस काय?" तर ती सांगायची, "रबर ओतते." विचारणारा तेवढ्यावर गप्प बसायचा आणि तिलाही तेच हवं असायचं. खरं सांगायला बसलं तर अर्धा तास मोडायचा. लग्न नवं होतं तेव्हा नवऱ्याने एकदा मोठ्या हौसेने ऐकायला घेतलं होतं आणि तिसऱ्या वाक्याला घोरायला लागला होता. तो पोहायला शिकवायचा, पहाटेपासून पाण्यात असायचा, म्हणून त्याला माफ होतं.

काम मात्र भारी नाजूक. दोन बाटल्यांतले चिकट रस एकत्र घोटायचे, त्यातले बुडबुडे निघून जाईपर्यंत दम धरायचा, साच्यावर ओतायचे आणि भट्टीत ठेवायचे. घट्ट झालं की हलक्या हाताने सोलायचं. हातात येते ती बिस्किटाएवढी, आरपार दिसणारी रबराची पट्टी. हिलाच चिप म्हणायचं. तिच्या अंगात केसाहून बारीक वाट असते, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. त्या वाटेचं छत इतकं खाली, की रक्तातल्या पेशीला अंग चोरूनच जावं लागतं. आणि छताला तिरके कंगोरे. निरोगी पेशी जरा ताठ असते, ती कंगोऱ्याला अडते आणि ढकलली जाते उजवीकडे. कर्करोगाची पेशी मऊ. ती अंग दाबते, कंगोऱ्याखालून निसटते आणि डावीकडे जाते. शेवटी दोन भोकं, दोन नळ्या. मऊ ते डावीकडे, कडक ते उजवीकडे. ना औषध लागतं, ना रंग. कोण किती दबतं एवढंच बघायचं.

नवऱ्याला जे जमलं नाही ते बाबांना एका दमात कळलं होतं. बाबा म्हणजे थोरलीचे वडील. जन्मभर सोफे आणि गाद्या भरण्याचा धंदा केलेला माणूस. एकदा लॅब बघायला आले, तिथल्या खुर्चीवर बसायच्या आधी सवयीने अंगठा दाबून बघितला, नाक मुरडलं आणि मग चिप हातात घेऊन तीही अंगठ्याने दाबली.

"म्हणजे तू माझ्याच धंद्यात आलीस की," ते म्हणाले. "मी दुसरं काय केलं? कापूस कुठला, काथ्या कुठला, अंगठ्याने ओळखायचं."

"तुम्ही पैसे घ्यायचात, बाबा. आम्ही पेपर छापतो."

"मग आपलाच धंदा बरा होता," बाबा म्हणाले, आणि लॅबमधले सगळे हसले. मॅडम सोडून. मॅडम लॅबच्या प्रमुख. एकट्या राहायच्या, एकट्या जेवायच्या, आणि त्या हसल्या तर मायक्रोस्कोपची काच तडकेल असं टिचकी म्हणायचा. टिचकी म्हणजे पंप सांभाळणारा इंजिनिअर. नळीत बुडबुडा अडकला की हा टिचकी मारून तो हलवायचा, त्यावरून नाव पडलं, ते चिकटलं.

घरात मुली दोनच, ही थोरली आणि दुसरी धाकटी. नावं होती दोघींना, पण बापाने ती कधी वापरली नाहीत. धाकटी लांबच्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. आई गेल्यापासून बाबा थोरलीकडे राहायचे. घर तसं बेताचं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये बोळ, बोळात कपाट, त्यामुळे समोरून माणूस आला की एकाने मागे सरायचं हा घरचा कायदा. बाहेरच्या खोलीत बाबांनी स्वतः भरलेला सोफा. तो इतका मोठा की खोलीत सोफा आहे का सोफ्याभोवती खोली बांधली आहे, अशी नवऱ्याची थट्टा चालायची.

मग बाबांच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. पुढे फुप्फुसात डाग दिसले, यकृतात दिसले. डॉक्टर सरळ माणूस होता, त्याने थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं.

"गाठ काढली, पण तिच्यातल्या पेशी आधीच घर सोडून गेल्या होत्या. त्या मऊ असतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं? कुठल्याही फटीतून निघतात, रक्तातून हिंडतात आणि जागा मिळेल तिथे बिऱ्हाड मांडतात."

"किती दिवस?"

"उन्हाळा बघतील. पुढचं मी बोलत नाही."

थोरली त्या दिवशी बसस्टॉपवर बसून रडली, घरी जाऊन तोंड धुतलं आणि बाबांना म्हणाली, "डॉक्टर म्हणतात बघू." तिला काही मोठं मागायचं नव्हतं. तिला बाप राहायला हवा होता. कसाही का होईना, पण राहायला हवा.

लॅब आणि हॉस्पिटल मिळून त्याच सुमाराला एक प्रयोग करत होते. एका हातातून रक्त काढायचं, ते चिपांच्या चळतीतून फिरवायचं, मऊ पेशी डावीकडच्या पिशवीत टाकून द्यायच्या आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत शरीरात सोडायचं. ज्यांच्यासाठी दुसरा इलाज उरलेला नाही अशांनाच त्यात घेत होते. बाबा त्यात बसले. थोरलीने मॅडमना सांगितलं, या चिपा मीच ओतणार. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि मान डोलावली.

आता चूक कशी झाली ते ऐका, कारण ही चूक रबर ओतणाऱ्यांशिवाय कुणाच्या हातून व्हायची नाही. चिपेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं असतात. एका टोकाला रक्त आणि मिठाचं पाणी आत जातं, दुसऱ्या टोकाला मऊ आणि कडक बाहेर पडतात. वाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पट्टी साच्यातून सोलली की ती पुस्तकाचं पान उलटतात तशी आडवी उलटायची आणि लगेच सुईने बाण ओढायचा, रक्त कुठून कुठे जाणार त्याचा. हाताला वळण असतं, विचार करावा लागत नाही. त्या दिवशी बाबा लॅबमध्येच बसले होते, चार गोष्टी सांगत होते, आणि थोरली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी ते इतकं बोलत होते. बोलण्याच्या नादात तिने पट्ट्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतात तशा उभ्या उलटल्या. पुढचं टोक मागे गेलं. बाण उलटे ओढले गेले.

रक्त उलटं वाहिलं की कंगोऱ्यांचा तिरकेपणाही उलटा होतो. मऊ ते उजवीकडे, कडक ते डावीकडे.

पहिली फेरी झाल्यावर थोरलीने टाकाऊ पिशवीतला थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. पिशवी चांगल्या पेशींनी भरलेली होती. गोल, ताठ, निरोगी. जे काढून टाकायचं ते सगळंच्या सगळं बापाच्या अंगात परत गेलं होतं, आणि तेही गाळून, घट्ट करून.

टिचकीने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा चिपांवरच्या बाणांकडे बघितलं आणि स्टूल तिच्या मागे सरकवलं. ती बसली नाही. तशीच मॅडमच्या खोलीत गेली आणि काय झालं ते सांगून टाकलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, "आता वाट बघणं आलं."

घरी येऊन तिने बाबांनाही सांगितलं. सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसून, मान खाली घालून.

"उलटं बसवलंस?" बाबा म्हणाले. "होतं गं. मी एकदा एका वकिलाच्या सोफ्याला कापड उलटं लावलं होतं, फुलं आत. बसला बिचारा तसाच. रडतेस काय? ऊठ, पान वाढ, भूक लागलीय."

तिने डोळे पुसले आणि पान वाढलं. जेवता जेवता तिच्या लक्षात आलं, की भूक लागली असं बाबा कितीतरी महिन्यांनी म्हणाले होते.

तिथून बाबा सुधारत गेले. अन्न अंगी लागायला लागलं, चेहऱ्यावर रंग आला, दुपारी झोप लागायला लागली. जिना चढताना आधी दोनदा टेकायचे, आता वर येऊन खालच्याला हाक मारायचे. डॉक्टरने पुन्हा छाती-पोटाचे फोटो काढले. फुप्फुसातले डाग नव्हते. यकृत कोऱ्या कागदासारखं. त्याने मशीन बदलून पुन्हा काढले, आणि तेच.

"मला काही कळत नाही," डॉक्टर म्हणाला. "चूक पथ्यावर पडली म्हणा आणि पेढे वाटा... नाही, बाबांना साखर आहे, मिठाई नकोच. घरी जा आणि मजेत राहा."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तिने नवऱ्याला मिठी मारली, चारचौघांत. नवरा लाजला. बाबा म्हणाले, "चला, लोक बघतायत," आणि स्वतःच हसत उभे राहिले.

मॅडमना मात्र कारण हवं होतं. त्यांनी बाबांचं थोडं रक्त मागवलं आणि सरळ बाणाच्या चिपेतून स्वतः सोडलं. थोरली आणि टिचकी मागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. एरवी वाटेच्या तोंडाशी पेशींची ढकलाढकली असते, एक अडते, दुसरी तिच्यावर आदळते. इथे तसं काही नव्हतं. पेशी एकामागून एक येत होत्या. तोंडाशी आली की जराशी थांबायची, पुढचीला जाऊ द्यायची, मग अंग लांबवून आत शिरायची. कंगोऱ्याखालून निसटायची. आणि डावीकडे.

"शहाण्यासारख्या रांगेत येतायत," टिचकी म्हणाला. हसण्यासारखं बोलला होता, पण हसला नाही.

उजवीकडची नळी कोरडी राहिली. एकही पेशी तिकडे गेली नाही. सगळं रक्त, होतं नव्हतं तेवढं, डावीकडे गेलं.

"हे बरं होणं नाही," मॅडम म्हणाल्या. "हे काय आहे ते मला माहीत नाही, पण बरं होणं नाही. ठरल्याप्रमाणे दुसरी फेरी करायची. सोमवारी. या वेळी चिपा सरळ लावून."

"सगळंच डावीकडे जातंय, मॅडम," थोरली म्हणाली. "मग परत काय सोडणार आपण? त्यांचं उरेल काय?"

मॅडमनी पडदा बंद केला. "चिपा तयार ठेव," एवढंच म्हणाल्या.

थोरलीने त्या शुक्रवारी चिपा ओतल्या, नीट उलटल्या, नीट बाण ओढले आणि डब्यात ठेवून घरी आली. घरी आलं की तिला असं काही आठवायचं नाही, कारण घर इतकं आनंदात होतं. बाबा बोळात भेटायचे, हातात पाण्याचा तांब्या, आणि ती स्वयंपाकघराकडे चाललेली. कायदा म्हणजे एकाने मागे सरायचं. पण आजकाल कुणी सरत नव्हतं. ती तिकडे निघून जायची, बाबा इकडे, आणि पुढे गेल्यावर तिला वाटायचं, आत्ता आपण एकमेकांना घासलोसुद्धा नाही. सोफ्यावर नवऱ्याचे दोन मित्र येऊन बसले तरी मध्ये बाबा असायचेच. कुणी म्हणायचं नाही की अडचण होते.

"मन मोठं असलं की जागा होते," नवरा म्हणायचा. तो असल्या गोष्टींच्या खोलात जायचा नाही, सबंध दिवस पाण्यातच असायचा.

एका दुपारी ती बाबांची नखं कापत होती. तिने बोट धरलं आणि ते तिच्या चिमटीत दबलं. दबतच गेलं. आत हाड लागलं नाही. तिने घाबरून सोडलं, तसं ते सावकाश पुन्हा भरून आलं, चांगल्या कापसाची उशी येते तसं.

"दुखलं का, बाबा?"

"छे. मला आता कुठे काही रुततच नाही. जन्मभर हे हाड टोच, ते हाड टोच. आता कुठेही बसा, बरंच वाटतं." त्यांनी दुसरा हात पुढे केला. "या हाताची राहिली."

तिने त्या हाताचीही कापली. अगदी अलगद धरून.

आणखी एक झालं. न्हाणीघराची कडी जुनी होती. शनिवारी सकाळी बाबा अंघोळीला गेले आणि कडी आतून अडकली. नवऱ्याने बाहेरून दार हलवलं, खांदा लावला, मग म्हणाला, "बाबा, मागे सरा, मी लाथ घालतो."

"अरे, नको दार मोडू," बाबा म्हणाले. आवाज मागून आला. ते बोळात उभे होते, टॉवेलने डोकं पुसत. "आलो की मी."

नवऱ्याने बाबांकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पुन्हा हलवून बघितलं. कडी आतून बसलेलीच होती. दार आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट होती, त्या फटीपासून बोळापर्यंत फरशी ओली होती. शेवटी त्याने स्क्रू-ड्रायव्हरने बिजागऱ्या काढल्या आणि दार उचलून बाजूला ठेवलं.

"ते बाहेर आल्यावर कडी आपोआप पडली असणार," तो थोरलीला म्हणाला.

"असणार," थोरली म्हणाली. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण तिने ती तिथेच गप्प केली. तिकडे बाबा गाणं गुणगुणत भांग पाडत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. जे मिळालंय ते मोजायला गेलं आणि कमी भरलं तर काय करायचं? तिने फरशी पुसून घेतली.

रविवारी सकाळी उन्हं सोफ्यापर्यंत आली होती. नवरा बाजारात गेला होता. बाबा एक जुनी उशी उसवून पुन्हा शिवत बसले होते, वाकडी सुई दातांत धरून. थोरली भाजी निवडत होती. सगळं कसं ठाकठीक होतं. उद्या सोमवार, हे तिला आठवत होतं आणि ती ते पुन्हा पुन्हा बाजूला सारत होती.

फोन वाजला. धाकटी होती. हसत होती आणि रडतही होती.

"ताई! अगं, कळवायचंस तरी! एकट्याला कसं सोडलंत तुम्ही?"

"कुणाला?"

"कुणाला काय? बाबांना! मी अंघोळ करून बाहेर येते तो सोफ्यावर बसलेले. अशी किंचाळले मी! आणि दार लावलेलंच होतं गं. मीच कधीतरी किल्ली दिली असणार त्यांना. ताई, किती छान दिसतायत. मला वाटलं होतं, आता मला ते दिसायचेच नाहीत. सुट्टी मिळेना, यायला जमेना, रोज रात्री रडायचे मी."

थोरलीने सोफ्याकडे बघितलं. बाबा दोरा ओवत होते. उन्हात डोळे बारीक करून.

"फोन दे त्यांच्याकडे," ती म्हणाली.

खुडबुड झाली. मग तो आवाज आला. तोच. बोलण्याआधी घसा खाकरायची सवयसुद्धा तीच.

"काय गं, थोरले. जेवलात का?"

थोरलीच्या हातातली भाजी खाली पडली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कुठे आहात?"

"इथेच की," फोनमध्ये बाबा म्हणाले.

"इथेच की," सोफ्यावरून बाबा म्हणाले. सुईवरची नजरही त्यांनी उचलली नव्हती.

ती उठून उभी राहिली. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

फोन पुन्हा धाकटीकडे गेला होता. "ताई, आता मी त्यांना सोडणार नाहीये हं. राहू दे इथेच. तुझ्याकडे इतकी वर्षं होते, आता माझी पाळी. चालेल ना? ताई?"

"चालेल," थोरली म्हणाली. "हो. ठेव तुझ्याकडे."

तिने फोन ठेवला.

बाबांनी टाका ओढला, दोरा दातांनी तोडला आणि उशी थोपटली. "तिला कुणाची सोबत नव्हती," ते म्हणाले. "पोरीचा जीव तुटत होता. कळत होतं मला इथे बसून."

"तुम्ही कसे गेलात, बाबा?"

"गेलो म्हणजे काय? जागा होती, झालं." त्यांनी तिच्याकडे बघितलं. डोळे बापाचे होते, माया बापाची होती. "तू घाबरलीस का?"

ती घाबरली होती. रोज ज्या गोष्टीला ती डावीकडे काढत आली होती, जिच्यापायी लोकांच्या घरात रडारड झालेली तिने बघितली होती, ती गोष्ट काय करते हे तिला पाठ होतं. घर सोडते, हिंडते, जागा मिळेल तिथे बिऱ्हाड मांडते. डॉक्टरने सांगितलं तेव्हा तिला ते फक्त पेशींबद्दल वाटलं होतं. आणि डब्यात सरळ बाणांच्या चिपा तयार होत्या. उद्या त्या लावल्या तर हे सगळं गाळलं जाणार होतं. धाकटीच्या सोफ्यावरचं, इथलं, सगळं. पिशवी भरणार होती आणि खाटेवर काही उरणार नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही घाबरले."

आणि हे म्हणताना तिला खरंच बरं वाटलं. बाप समोर होता. हसत होता. तिला हवं होतं ते हेच.

तिने मॅडमच्या घरचा फोन लावला. सुट्टीच्या दिवशी त्यांना फोन करायची हिंमत लॅबमध्ये आजवर कुणी केली नव्हती. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"मॅडम, माफ करा, रविवारचा त्रास देते. उद्याची फेरी बाबांना नको आहे. म्हणजे मलाच नको आहे. तुम्ही रागवाल, पण—"

"अगं, ती रद्द केली मी," मॅडम म्हणाल्या. "मघाशीच डॉक्टरांना कळवलं. तेच म्हणाले, पोरीला कशाला अवघडात टाकता."

"कोण म्हणाले? डॉक्टर?"

मॅडम हसल्या. मोठ्याने, मोकळ्या गळ्याने, जसं थोरलीने त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "तुझे बाबा! इतका गोड माणूस, आणि तू कधी बोलली नाहीस. माझ्या घरी इतक्या वर्षांत कुणी येऊन निवांत बसलेलं नाही गं. खुर्च्यासुद्धा दाबून बघितल्या, नावं ठेवली सगळ्यांना."

थोरलीने मागे वळून बघितलं. बाबांनी दुसरी उशी उसवायला घेतली होती. मान खाली होती, ओठांत हसू होतं.

"हॅलो? आहेस ना?" मॅडम म्हणाल्या. मागे कपबश्यांचा आवाज आला. "मी चहा टाकलाय. दोन्ही बाबांना बिनसाखरेचाच ना?"

थोरलीने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं.

"हो," ती म्हणाली. "आणि जरा निववून द्या. गरम त्यांना सोसत नाही."